गुरुवारी ठरलं, शनिवारी फ्रान्स: इंग्लंडातून स्वस्तात आणि आयत्या वेळी

खाडीपल्याड

आम्ही केंटमध्ये मेडस्टनला राहतो. फ्रान्सला जायची दारं, फोकस्टन आणि डोव्हर, दोन्ही गाडीने तासाभराच्या आत. तरी पहिली चार वर्षं आम्ही एकदाही पलीकडे गेलो नाही. डोक्यात फ्रान्स म्हणजे पॅरिस, पॅरिस म्हणजे आठवड्याची रजा आणि खिशाला मोठी चाट, असं घट्ट बसलं होतं. डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवर फिरायला गेलो की फोनला फ्रान्सचं नेटवर्क लागायचं आणि स्वच्छ हवेत समोरचा किनारा दिसायचा. रोज दिसणाऱ्या डोंगरावर कधीच न चढलेल्या माणसासारखी आमची गत होती.

मग मे महिन्यातल्या एका गुरुवारी, मुलाला झोपवल्यावर, नवऱ्याने सहज बोटीचे दर बघितले. शनिवारी सकाळी जाऊन रात्री परत, गाडीसकट तिघांचे मिळून नव्वद पौंडांच्या आसपास. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि काढून टाकलं तिकीट.

डोव्हर ते कॅले दीड तास. डोव्हरलाच फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात, त्यामुळे कॅलेला उतरलं की गाडी थेट रस्त्यावर. फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे असतं, तेवढा सकाळचा तास हातचा जातो. कॅलेहून आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने काप ब्लां-नेला गेलो. तिथे डोव्हरसारखाच पांढरा खडूचा कडा आहे. मुलाने विचारलं, "आई, आपण परत आलो का?" पुढे काप ग्री-ने लागतं, तिथून इंग्लंड सगळ्यात जवळ, जेमतेम 33 किलोमीटर. तिथून बुलोन्य-सुर-मेर.

बुलोन्य हे फ्रान्सचं सगळ्यात मोठं मासेमारी बंदर. धक्क्यावर कोळ्यांच्या टपऱ्या ओळीने लागलेल्या असतात आणि बोटीवरचा माल तिथेच विकतात. माझं माहेर मालवणचं. तिथल्या एका बाईंसमोर मी उभी राहिले आणि आई करते तसा बांगड्याचा कल्ला उचलून बघितला. लालभडक. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, मला फ्रेंच येत नव्हतं, पण मी काय बघतेय ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी वरचे बाजूला सारून खालचे काढून दिले. बर्फाची पेटी गाडीत होतीच. रविवारी घरी तिरफळं घालून बांगड्यांचं तिखलं केलं आणि जेवताना मला रडूच आलं.

त्यानंतर वर्षभरात पाच वेळा जाऊन आलो. एकदाच मुक्काम केला, बाकी सगळ्या दिवसाच्या वाऱ्या. या धाग्यावर सगळ्यांनी आपापले अनुभव लिहा. पॅरिसवर लिहिलेलं भरपूर मिळतं. आयत्या वेळी, कमी पैशांत, दोन दिवसांत काय होतं त्यावर लिहा.

मँचेस्टरचा पाऊस

फार छान लिहिलंय. बांगड्यांचं वाचून भूक लागली. पण ताई, तुम्ही दाराशी राहता. आम्हा उत्तरेकडच्यांना डोव्हरपर्यंत पोचण्यातच पेट्रोल आणि दिवस दोन्ही जातात. आमच्यासाठी काही?

चैत्रपालवी

उत्तरेकडच्यांना लंडनपर्यंतचं स्वस्त तिकीट आणि पुढे युरोस्टार, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे, हे बरं पडतं. युरोस्टारने आयत्या वेळच्यांसाठी 'स्नॅप' नावाची तिकिटं काढली आहेत. तुम्ही तारीख सांगायची आणि सकाळ की दुपार तेवढंच सांगायचं. नेमकी गाडी कोणती ते निघायच्या दोन दिवस आधी कळतं. तिकीट बदलता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत. मला पॅरिसचं एका बाजूचं 35 पौंडांना मिळालं होतं. ज्यांना वेळेचा घोळ चालतो त्यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. फक्त मँचेस्टर-लंडनचं तिकीट ठरावीक गाडीचं आधी काढू नका, स्नॅपची वेळ कळल्यावरच काढा, नाहीतर एकाच्या नादात दुसरं वाया जातं.

आणि माझा आग्रह उत्तर फ्रान्समधल्या लील शहराचा आहे. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून दीड तासाच्या आत लील. स्टेशनातून चालत पंधरा मिनिटांत जुन्या गावात. व्हिएय बुर्स नावाची सतराव्या शतकातली जुनी बाजारवास्तू आहे, तिच्या आतल्या चौकात जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. मी तिथे दोन तास नुसती पुस्तकं चाळत होते. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथे 'ब्रादरी' हा जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. त्या दिवसांत मात्र खोल्या महागतात, तेव्हा जाऊन-येऊनच करा.

अगदी काटकसर करायची तर लंडनच्या व्हिक्टोरिया कोच स्टेशनवरून रात्रीची बस. झोप नीट होत नाही, पण एका रात्रीचं हॉटेल वाचतं. पंचविशीत ठीक आहे, माझ्या गुडघ्यांना आता जमत नाही.

पाठीवर_बिऱ्हाड

मी ब्रायटनला मास्टर्स करतोय. भारतीय पासपोर्ट, विद्यार्थी व्हिसा. हा धागा वाचून आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. माझे ब्रिटिश मित्र शुक्रवारी रात्री ठरवतात आणि शनिवारी सकाळी जातात. मला तसं करता येत नाही. मध्यंतरी व्हिसासाठी प्रयत्न केला, तीन आठवडे रोज रात्री अपॉइंटमेंट शोधत होतो, शेवटी परीक्षा आली आणि सोडून दिलं. आपल्यासारख्यांना 'आयत्या वेळी' हा शब्द लागू होतो का?

लेस्टरवाले काका

होतो, पण त्यासाठी एकदाच नीट तयारी करावी लागते. मी माझ्या दोन्ही भाच्यांना हेच सांगितलं आणि दोघंही आता मनात आलं की जातात.

बाळा, शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शुल्क 90 युरो, त्यावर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. फ्रान्ससाठी लंडन, मँचेस्टर आणि एडिंबरा इथे केंद्रं आहेत. लंडनची अपॉइंटमेंट मिळत नसेल तर मँचेस्टर बघ. परीक्षेच्या, ईस्टरच्या आणि उन्हाळ्याच्या आधी झुंबड असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि जानेवारीच्या शेवटी त्यामानाने मोकळं असतं.

मुख्य गोष्ट अशी, की अर्जात आणि सोबतच्या पत्रात 'अनेक प्रवेशांचा' व्हिसा स्पष्ट शब्दांत माग. एकाच प्रवेशाचा मिळाला तर एका शनिवारी संपला, पुन्हा सगळं पहिल्यापासून. का हवा ते खरं खरं लिही: मी समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर राहतो, अमुक तारखांना दोन-तीन छोट्या सहली करणार आहे. विद्यापीठाचं पत्र, बँकेची तीन महिन्यांची पत्रकं, 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा आणि पहिल्या सहलीची तिकिटं व राहण्याची सोय जोड. रद्द करता येणारं बुकिंग चालतं, खोटं मात्र काही देऊ नकोस. दिलेल्या व्हिसाचा नियमाप्रमाणे वापर केला की पुढचा जास्त मुदतीचा मिळायची शक्यता वाढते. नियम असा आहे की आधीच्या दोन वर्षांत तीन व्हिसे नीट वापरले असतील तर एक वर्षाचा, मग दोन, मग पाच वर्षांचा. 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा सगळ्या शेंगेन देशांची मिळून मोजायची.

आणखी एक. तुझी यूकेत राहण्याची परवानगी आता ई-व्हिसात, म्हणजे ऑनलाइन खात्यात आहे. नवा पासपोर्ट काढला असशील तर त्या खात्यात तो जोडलेला आहे ना ते निघण्याआधी बघ. परतीच्या बोटीवर चढताना ते तपासतात. माझ्या भाच्याला एका बंदरावर यासाठी दीड तास थांबवलं होतं, बोट गेली आणि तो पुढच्या बोटीने आला.

पाठीवर_बिऱ्हाड

काका, मनापासून आभार. प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे. उद्या सकाळीच अपॉइंटमेंट बघतो.

दर्यावर्दी

ब्रायटनला राहणाऱ्याने डोव्हरकडे बघायचंच कशाला? तुझ्या दाराशी न्यूहेवन आहे. न्यूहेवन-दिएप ही बोट माझ्या मते या सगळ्या मार्गांत सगळ्यात सुंदर आणि चालत जाणाऱ्यांना सगळ्यात सोयीची. डोव्हरला पायी प्रवाशांना मोजक्याच बोटींवर घेतात, आणि डोव्हर-डंकर्क मार्गावर तर गाडीशिवाय घेतच नाहीत. न्यूहेवनला मात्र पाठीवर पिशवी टाकून सरळ चढायचं. लंडनहून येणाऱ्यांनी व्हिक्टोरियावरून लुईसला यावं आणि तिथे गाडी बदलावी.

बोट साधारण चार तास घेते. रात्रीची पकडलीत तर पहाटे अंधारातच दिएपला उतरता. इथे पासपोर्ट तपासणी फ्रान्सला उतरल्यावर होते, डोव्हरसारखी आधी नाही. उतरल्यावर मागे उंच पांढरा कडा, समोर बंदरात मिणमिणते दिवे. चालत अर्ध्या तासात गावात. सगळं गाव झोपलेलं असतं, फक्त बेकरीत दिवा आणि लोण्याचा वास. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दार उघडायच्या आधीपासून तिथे उभा होतो. मालक आतून बघत होता. त्याने वेळ व्हायच्या आधीच दार उघडलं आणि तव्यावरची पोळी ताटात पडावी तसा भट्टीतून निघालेला क्रोसाँ हातात ठेवला. कागद तुपकट झाला होता. तो घेऊन मी समुद्रावर जाऊन बसलो. दिएपच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. लाट मागे जाताना ते गोटे एकमेकांवर घासतात, आणि तो आवाज ऐकत उजाडेपर्यंत बसायचं. त्या दोन तासांसाठी मी पुन्हा पुन्हा जातो.

शनिवारीच जा, कारण शनिवारी तिथला बाजार भरतो आणि अख्ख्या नॉर्मंडीतून लोक येतात. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत कोकी सँ-जाक या मोठ्या शिंपल्यांचा हंगाम असतो. दिएपचा हा अभिमानाचा माल. जेवण दुपारी बारा ते दोन या वेळातच उरका. दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि मग सात वाजेपर्यंत उपाशी राहावं लागतं. फळ्यावर खडूने 'फॉर्म्युल' लिहिलेला असतो, म्हणजे ठरलेल्या किमतीत दोन-तीन पदार्थ. पाणी मागताना 'कराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. नाहीतर बाटली आणून ठेवतात आणि बिलात लावतात.

किल्ला आहे, त्यात संग्रहालय आहे. किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या, दोस्त राष्ट्रांनी केलेल्या 19 ऑगस्ट 1942 च्या हल्ल्याची स्मारकं आहेत, त्या हल्ल्यात नऊशेहून अधिक कॅनडियन सैनिकांचा जीव गेला. गोट्यांवर रणगाड्यांना पकड मिळत नव्हती. गोटे हातात घेऊन बघितले की ते कळतं.

दोन दिवस असतील तर रेल्वेने रुआँ, पाऊण तासाच्या आसपास. चित्रकार मोनेने पुन्हा पुन्हा रंगवलेलं कॅथेड्रल तिथेच आणि 1431 मध्ये जोन ऑफ आर्कला जाळलं तो चौकही तिथेच. सायकल चालवणाऱ्यांसाठी लंडन-पॅरिसचा 'आव्हेन्यू व्हेर्त' हा मार्ग याच बोटीने जातो. दिएपच्या पुढे तो जुन्या रेल्वेच्या सपाट मार्गावरून आहे, लहान मुलंसुद्धा सहज चालवतील.

शाकाहारी_साताऱ्याची

मासे आणि शिंपले वाचून घाबरले. शाकाहारी माणसाचं काय होतं?

दर्यावर्दी

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, मी लिहायला हवं होतं. क्रेपच्या दुकानात कुट्टूच्या पिठाच्या 'गालेत' मिळतात, चीज आणि मशरूम घालून मागा. आपल्या घावनाची बहीण म्हणा. हॅम नको हे आवर्जून सांगावं लागतं, 'सां व्हियांद, सां जांबों'. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, विचारा. अंडंही चालत नसेल तर बाजारातली फळं, ताजा ब्रेड, चीज आणि घरची शेंगदाण्याची चटणी. माझी बायको शाकाहारी आहे, ती याच जेवणावर खूश असते.

खाडीपल्याड

खाण्याचा विषय निघालाच आहे तर हे नीट वाचा, कारण इथे अनेकांचं नुकसान होतं. इंग्लंडातून फ्रान्सला जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पनीर, दही, श्रीखंड, चीज घातलेलं सँडविच, सगळं घरीच. धपाटे आणि चटणी न्या. येतानाचा नियम एप्रिल 2025 पासून बदलला: गुरांमधला लाळ्या-खुरकूत रोग पसरू नये म्हणून युरोपातून चीज, लोणी, हॅम वैयक्तिक वापरासाठीसुद्धा आणायला बंदी आली. दुकानाचं सील असलं तरी नाही. माझ्या मैत्रिणीने हौसेने घेतलेली कॅमाँबेर चीजची तीन खोकी बंदरावर टाकून दिली. मासे, ब्रेड, चॉकलेट, केक आणता येतात. म्हणूनच माझे बांगडे सुखरूप घरी येतात.

गाडी नेणाऱ्यांसाठी: उजव्या बाजूने चालवायचं. पहिल्या चौकात शेजारच्या माणसाने मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं, हा आमच्या घरचा नियम. परावर्तक जाकीट आणि इशाऱ्याचा त्रिकोण गाडीत हवाच, नंबरपाटीवर 'यूके' नसेल तर मागे 'यूके'चं स्टिकर हवं, दिव्यांवर कोन बदलणाऱ्या चिकटपट्ट्या लावा आणि विमा कंपनीला आधी विचारा. कॅले ते बुलोन्यच्या महामार्गावर टोल नाही. लहान मुलाला बोट लागत असेल तर बोगद्यातून ले शटल, म्हणजे गाडी चढवून नेणारी रेल्वे, 35 मिनिटं, भाडं माणशी नसून गाडीचं असतं. चार-पाच जण असाल तर बोटीपेक्षाही परवडतं, विशेषतः दिवसाचं किंवा एका रात्रीचं तिकीट.

गाडी नसेल तर कॅले गावातली बस फुकट आहे, डंकर्कचीही. नगरभवनासमोर शिल्पकार रोदँचे 'कॅलेचे नागरिक' हे पुतळे उभे आहेत, गळ्यात दोर, हातात गावाच्या किल्ल्या. लोक बंदरातून थेट महामार्गाला लागतात आणि हे बघायचं राहून जातं.

बोटीवर चढलात की फोन विमानाच्या मोडवर टाका. समुद्रावरच्या नेटवर्कचे पैसे फार लागतात. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे, ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे वेळ हाताशी ठेवा. आणि ब्रिटिश पासपोर्ट काढून दहा वर्षं झालेली नसावीत, परतीनंतर तीन महिने मुदत शिल्लक हवी. मुदतीची शेवटची तारीख पुढची दिसली तरी काढल्याची तारीख मोजतात.

पुण्याची आजी

मुलगी लंडनला असते. आम्ही दोघं जूनमध्ये सहा आठवडे तिच्याकडे येतोय. तिथे आल्यावर फ्रान्सचा व्हिसा काढून दोन दिवस जाता येईल का?

लेस्टरवाले काका

नमस्कार. इथे आल्यावर काढू असं धरून चालू नका. इथे पर्यटक म्हणून आलेल्यांनी शेंगेनचा व्हिसा भारतातूनच काढून यावा, अशीच पद्धत आहे. तेव्हा यूकेचा व्हिसा हातात आला की लगेच फ्रान्सचा अर्ज भारतातच करा, दोन्हींच्या तारखा जुळवा. परत इंग्लंडात यायचं असल्याने यूकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना ते बघा, बहुधा तसाच असतो. जूनमध्ये दिवस रात्री दहापर्यंत उजेडाचा असतो, तुम्हाला दगदग होणार नाही. आजोबांना लीलला घेऊन जा, चालणं कमी आहे.

खडकीकर

या धाग्यावर एक ठिकाण यायलाच हवं. न्यव्ह-शापेल. कॅलेहून गाडीने तासा-सव्वा तासावर, बेत्यून आणि आर्मांतिएरच्या मध्ये, शेतांमधलं साधं गाव. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची कबर किंवा चिताही सापडली नाही अशा भारतीय सैनिकांचं स्मारक तिथे आहे. 1927 मध्ये उभं राहिलं. 4700 हून अधिक नावं.

माझे वडील खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात होते, म्हणून मी मुद्दाम गेलो. 28 ऑक्टोबर 1914 ला याच गावावर 47 शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या चालून गेल्या. या खडकीच्या कंपन्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी माणसं संगिनी घेऊन गल्लीगल्लीत लढली आणि त्यांची भयंकर हानी झाली. युरोपात येऊन त्यांना काही आठवडेच झाले होते.

स्मारक गोल आहे. एका बाजूला सांचीच्या कठड्यासारखी जाळीदार भिंत, मधोमध कमळाचं शिर असलेला उंच खांब, दोन बाजूंना दोन दगडी वाघ. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर पलटणींप्रमाणे नावं. मी सॅपर्सचा रकाना शोधला आणि वरपासून खालपर्यंत एकेक नाव बोट फिरवत मोठ्याने वाचलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. बीटाच्या शेतात एक ट्रॅक्टर चालू होता. तिकीट नाही, रांग नाही. कॅलेला जाणाऱ्या प्रत्येकाने अर्धा दिवस तिथे द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. जाताना फुलं न्या.

खाडीपल्याड

खडकीकर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला आणि मुलाला वाचून दाखवला. पुढच्या महिन्यात जातोय.

मँचेस्टरचा पाऊस

स्नॅपचं तिकीट काढलं! शुक्रवार दुपार. बाकी काही ठरवलेलं नाही.

पाठीवर_बिऱ्हाड

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय. मँचेस्टरची अपॉइंटमेंट मिळाली, सहा महिन्यांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आला. काका, तुमच्या सल्ल्याप्रमाणे पत्र लिहिलं होतं.

काल दुपारी लायब्ररीत बसलो असताना रात्रीच्या बोटीला जागा दिसली. खोलीवर जाऊन जाकीट, चार्जर आणि चटणीचा डबा घेतला. ब्रायटनहून बारा नंबरची बस, भाडं तीन पौंड, न्यूहेवनला उतरून चालत धक्क्यावर. बोटीत दोन खुर्च्यांवर आडवा झालो. हॉटेलचा खर्च शून्य, कारण आज संध्याकाळच्या बोटीने परत.

आत्ता दिएपच्या किनाऱ्यावरून लिहितोय. दर्यावर्दी, बेकरी सापडली. थंडी आहे, बोटं नीट चालत नाहीत. गोट्यांचा आवाज रेकॉर्ड करून आईला पाठवला. तिने विचारलं, भाजी चिरतंय का कोणी? तिला व्हिडिओ कॉल लावतो आता, उजाडायला लागलंय.